पोर्तुगालचीं रौप्य नाणीं

गेलेलें राज्य परत मिळालें म्हणजे नव्या राजाची द्वाही टांकसाळींतूनहि फिरते. गोमंतकामुळें आपल्या परिचयाचा असलेला पोर्तुगाल देश १५८० सालीं स्पेनच्या राजाच्या हातीं गेला. १ डिसेंबर १६४० रोजीं त्यानें तें जूं झुगारून दिलें आणि ब्रागांसाचा ड्यूक चौथा जुआंव या नांवानें गादीवर आला. चांदीच्या नाण्यांवर आतां फिलिपऐवजीं त्याचें नांव उमटूं लागलें.

परंतु नांव बदलणें सोपें, नाणें पुरविणें कठीण! स्पेनशीं युद्ध जुंपलें होतें आणि सैन्याला वेतन हवें होतें. तेव्हां १६४२ सालीं जुन्या नाण्यांवर नवा छाप मारण्यांत आला. चांदी तितकीच, पण शंभर रेइसचा 'तोस्तांव' १२० रेइसचा झाला! १६४३ सालीं चारशें रेइसचा रौप्य 'क्रुझादो' निघाला. पुढें १६६३ मध्यें, राजा सहावा आफोंस गादीवर असतां, त्यावरहि ५०० चा आंकडा बसला.

यांत ज्याचें येणें रेइसमध्यें ठरलेलें होतें, त्याच्या पदरांत पूर्वीपेक्षां कमी चांदी पडूं लागली. कराचा हुकूम निघाल्यावांचून कर वसूल झाला तो असा. स्पेननें पोर्तुगालचें स्वातंत्र्य अखेर १६६८ सालीं मान्य केलें. त्या स्वातंत्र्याची घोषणा नाण्यावरील नांवांत वाचावयास मिळते. त्याचें मोल मात्र शेजारच्या वाढीव आंकड्यांत वाचावें लागतें.