मिरजेचा जुना तंबोरा : ओळख आणि मोल

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील अनेक जुन्या घरांत, माळ्यावर किंवा देवघराच्या कोपऱ्यात, गवसणीत गुंडाळलेला एखादा तंबोरा किंवा सतार अजूनही आढळते. गाणारी पिढी केव्हाच गेलेली असते. तारा गंजलेल्या असतात, खुंट्या घट्ट बसलेल्या असतात आणि भोपळ्यावर धुळीचा थर असतो. वाड्याची वाटणी होते किंवा जुने घर पाडून तेथे इमारत उभी राहायची असते, तेव्हा या वाद्याचे करायचे काय, असा प्रश्न घरच्यांपुढे उभा राहतो. शोभेच्या वस्तूंचा व्यापारी एक किंमत सांगतो, वाद्यांचा दुकानदार दुसरी. 'शंभर वर्षांचा आहे, लाखाच्या घरात जाईल' असे सांगणारा एखादा नातेवाईकही भेटतोच.

जुन्या वाद्याचे मोल केवळ त्याच्या वयावर ठरत नाही. ते कोणाच्या हातचे आहे, कितपत मूळ अवस्थेत आहे आणि अजून बोलते का, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ते ठरते. ही उत्तरे बहुतांशी वाद्याच्या अंगावरच असतात. दुर्दैवाने साफसफाईच्या आणि नव्या पॉलिशच्या पहिल्या उत्साहात नेमक्या त्याच खुणा पुसल्या जातात. म्हणून विकण्यापूर्वी, देण्यापूर्वी किंवा दुरुस्तीला टाकण्यापूर्वी वाद्य कसे पाहावे, याची माहिती येथे देत आहोत.

मिरजेची परंपरा

तंतुवाद्यांच्या घडणीसाठी मिरजेचे नाव देशभर आहे. या व्यवसायाचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला, असे मानले जाते. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांनी पटवर्धन संस्थानिकांच्या काळात वाद्यदुरुस्तीपासून सुरुवात केली आणि पुढे स्वतंत्र घडण साधली, अशी परंपरागत कथा आहे. त्यांच्या वंशजांनी आणि शिष्यांनी हा व्यवसाय वाढविला. 'सतारमेकर' हे आडनावच रूढ झाले आणि शहरात सतारमेकर गल्ली वसली.

या कारागिरीला जाणकार गिऱ्हाईकही घराजवळच मिळाले. पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवीत होते, पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे शिक्षण त्यांच्याच हाताखाली झाले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेत वास्तव्य केले. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे दफनही मिरासाहेब दर्ग्याच्या परिसरात झाले. जवारीचा बारकावा ओळखणारे असे गायक समोर असताना कारागिराला कसूर करून चालत नसे. सातारा जिल्ह्यात औंध येथे १९४० पासून संगीत महोत्सवाची परंपरा आहे. त्यामुळे या दोन जिल्ह्यांत चांगली वाद्ये घरोघरी पोहोचली, यात नवल नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

प्रथम वाद्य कोठले ते पाहा

पहिली तपासणी भोपळ्याची. मिरजेच्या तंबोऱ्याचा खालचा भाग खऱ्या भोपळ्याचा असतो. त्यासाठी मंगळवेढा परिसरातील कडू भोपळा वापरला जातो. दक्षिणेकडील तंजावरी तंबोरा मात्र फणसाच्या लाकडातून कोरलेला असतो आणि हाताला बराच जड लागतो. तंजावरशी मराठी घराण्यांचा जुना संबंध असल्यामुळे आपल्याकडेही असे तंबोरे आढळू शकतात. त्यांना मिरजेचे समजून मोल करणे, ही पहिली चूक होय.

भोपळ्याच्या वरचा गळा, पोकळ दांडी आणि पुढची तबली लाकडाची असते. मिरजेत यासाठी मुख्यतः तूण वापरतात. तांबूस, हलके आणि सरळ रेषांचे हे लाकूड पॉलिशखाली झाकलेले असले, तरी खुंट्यांच्या भोकांच्या आतील कडांवर त्याचा मूळ रंग दिसतो.

वाद्याचा आकारही नोंदवावा. पुरुष गायकांसाठी लांब दांडीचा व मोठ्या भोपळ्याचा तंबोरा, स्त्रियांसाठी त्याहून लहान आणि साथीसाठी वा प्रवासासाठी छोटी तंबोरी, असे प्रकार आहेत. सतारीच्या बाबतीत तरफेच्या तारा आहेत की नाहीत आणि वरचा दुसरा भोपळा आहे का, हे पाहावे. तरफ नसलेल्या साध्या सतारी जुन्या काळी सर्रास होत्या. परंतु विद्यार्थ्यांसाठी त्या पुढेही बनत राहिल्या. त्यामुळे केवळ तरफ नाही म्हणून सतार फार जुनी, असा निष्कर्ष काढू नये.

पत्ता सांगतो काळ

काळ ठरविण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे वाद्यावरील नावाची पट्टी. गिटार किंवा युकुलेले यांच्या तबलीला भोक असते, त्यामुळे आतली चिठ्ठी बाहेरून वाचता येते. तंबोऱ्याला तशी सोय नाही. निर्मात्याचे नाव बाहेरच, खुंट्यांच्या परिसरात किंवा गळ्यालगत, छोट्या पट्टीवर किंवा कागदी चिठ्ठीवर असते. कित्येक वाद्यांवर ते नसतेच.

पट्टी असेल, तर नावाइतकाच पत्ताही बारकाईने वाचावा. आपल्या भागाचा प्रशासकीय इतिहास येथे उपयोगी पडतो. मिरज संस्थान मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याचे नाव सांगली जिल्हा असे बदलण्यात आले. टपाल खात्याने सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू केला. यावरून पुढील ताळा मांडता येतो.

'मिरज संस्थान' किंवा इंग्रजी अक्षरांत 'एस.एम.सी.', म्हणजे दक्षिण मराठा मुलूख, असा उल्लेख असेल, तर पट्टी साधारणतः १९४८ पूर्वीची.

'जि. दक्षिण सातारा' असे असेल, तर ती १९४९ ते १९६० या अवघ्या अकरा वर्षांतील.

'जि. सांगली' असे असेल, तर १९६० च्या अखेरीनंतरची.

पिनकोड असेल, तर १९७२ नंतरची.

यात एक सावधगिरी हवी. जुन्या पट्ट्या संपेपर्यंत वापरल्या जात असणार. त्यामुळे पट्टी 'याआधीचे नाही' हे खात्रीने सांगते, 'यानंतरचे नाही' हे तितक्या खात्रीने सांगत नाही. शिवाय पट्टी विक्रेत्याची किंवा दुरुस्ती करणाऱ्याचीही असू शकते. एकच आडनाव अनेक कुटुंबांत असल्यामुळे नुसते 'सतारमेकर' वाचून थांबू नये. व्यक्तीचे पूर्ण नाव आणि शक्य तर पिढी शोधावी.

पाश्चात्त्य संग्राहकांनाही ही अडचण नवी नाही. अमेरिकेतील मार्टिन कंपनीच्या गिटारींवर १८९८ पासून अनुक्रमांक आहेत. पण त्याच कंपनीच्या जुन्या युकुलेलेंवर सहसा ते नसतात. तेथील जाणकार शिक्का, खुंट्या आणि जडावाची पद्धत एकत्र पाहून काळ ठरवितात. आपल्याकडेही एका खुणेवर विसंबू नये. तीन-चार खुणांचा मेळ बसला, तरच काळ निश्चित मानावा.

सरस, पॉलिश आणि जडाव

जुन्या घडणीत सांधे सरसाने जोडत. जुना सरस पिंगट व ठिसूळ दिसतो. सांध्यात पांढुरका, चिवट थर दिसला, तर तेथे कृत्रिम डिंक वापरलेला आहे. फेव्हिकॉल १९५९ मध्ये बाजारात आले. मात्र असा थर दुरुस्तीचाही असू शकतो. तो वाद्याचे वय सांगेलच असे नाही.

चपडा लाखेचे हाताने दिलेले पॉलिश पातळ असते व त्याखाली लाकडाच्या रेषा उठून दिसतात. फवाऱ्याने दिलेला आधुनिक लेप जाड आणि काचेसारखा चकचकीत असतो. जुन्या वाद्यावर असा लेप असेल, तर ते केव्हातरी नव्याने रंगविले आहे, हे नक्की. त्या वेळी तबली घासून पातळ केली का, हा पुढचा प्रश्न. कारण नादाचे बरेचसे गणित तबलीच्या जाडीवर अवलंबून असते.

जडावाचे पांढरे काम आणि घोडी कशाची आहे, हे पाहणे कायद्याच्या दृष्टीनेही आवश्यक आहे. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. हाडावर सूक्ष्म काळसर ठिपके असतात. शिंगाचा गाभा सच्छिद्र असतो. सेल्युलॉइड कालांतराने पिवळे पडते आणि बोटाने जोराने चोळल्यास कापरासारखा वास येतो. ओळखण्यासाठी तापलेली सुई लावण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. सेल्युलॉइड क्षणात पेट घेते.

वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली आणि १९९१ मध्ये आयात हस्तिदंतही तिच्या कक्षेत आले. त्यामुळे हस्तिदंती घोडी असलेला तंबोरा विकण्याचा विचार करण्यापूर्वी वन खात्याकडे विचारणा करणे शहाणपणाचे. सांबरशिंगाच्या वस्तूंनाही कायद्याची बंधने आहेत. शंभर वर्षे पूर्ण झालेली कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाही. परदेशातील मुलांकडे वाद्य पाठविणाऱ्यांनी हे आधी तपासावे.

प्रकृती तपासताना

वाद्य उजेडात आडवे धरून दांडीच्या रेषेत डोळा लावावा. दांडी पुढे वाकली असेल, तर दुरुस्ती अवघड व खर्चिक ठरते. घोडीखाली तबली खचली आहे का, गळ्याचा सांधा सुटला आहे का, भोपळ्याला चीर आहे का आणि किडीची भोके आहेत का, हे क्रमाने पाहावे. भोकांतून ताजी भुकटी पडत असेल, तर कीड जिवंत आहे. असे वाद्य इतर लाकडी सामानापासून तत्काळ दूर ठेवावे.

तुटलेल्या तारा, हरवलेले मणी, झिजलेली खुंटी किंवा बिघडलेली जवारी यांमुळे मोल फारसे घटत नाही. जवारी काढणे हे तर नियमित देखभालीचे काम आहे. घोडी बदलावी लागली, तर जुनी घोडी मात्र टाकू नये. ती वाद्यासोबत कापडात बांधून ठेवावी.

तारा चढवून ऐकल्याशिवाय अंतिम मत देऊ नये. ते कामही जाणकाराकडूनच करून घ्यावे; अनेक वर्षे सैल राहिलेल्या वाद्यावर एकदम पूर्ण ताण दिल्यास सांधा उखडू शकतो.

किंमत कशी ठरवावी

जुन्या तंबोऱ्याला बाजारभाव असा नसतो. तरीही हिशेबाची एक रीत आहे. त्याच आकाराच्या व प्रतीच्या नव्या तंबोऱ्याची मिरजेतील आजची किंमत विचारावी. जुने वाद्य वाजते करण्याचा खर्च लेखी घेऊन तो त्यातून वजा करावा. उरते ती वाद्य म्हणून असलेली किंमत. नाद खरोखर उत्तम असेल, तर जाणता गायक त्याहून अधिक देतो; नाद नसेल, तर केवळ वयासाठी तो काहीच देत नाही.

यावर भर पडते ती दोन गोष्टींची. नामवंत कारागिराची खात्रीलायक ओळख ही पहिली आणि वाद्याचा इतिहास ही दुसरी. 'अमुक बुवांनी हा वाजविला होता' ही घरातील आठवण मौल्यवान असते, परंतु खरेदीची पावती, पत्र किंवा वाद्यासह काढलेले छायाचित्र नसेल, तर खरेदीदाराच्या लेखी तिला किंमत नसते. म्हणून घरातील वडीलधारी माणसे हयात आहेत, तोवर वाद्य कोणी, केव्हा, कोठून आणले, हे तारखेसह लिहून त्यांची सही घ्यावी.

जो विकत घेणार आहे, त्याच्याकडूनच किंमत काढून घेऊ नये. एक कारागीर आणि एक गायक, अशी दोन स्वतंत्र मते घ्यावीत. दुरुस्तीला देताना पट्टीचे, जडावाचे आणि भोपळ्याचे छायाचित्र आधी काढावे आणि 'पट्टी काढू नये, पॉलिश करू नये' असे पावतीवर लिहून घ्यावे.

अनेक घरांत रियाजासाठी आता इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा मोबाइल असतो आणि त्यात गैर काही नाही. मात्र त्यामुळे माळ्यावरचा तंबोरा अडगळ ठरतो आणि भोपळ्याचा दिवा किंवा हॉटेलातील शोभेची वस्तू होऊन बसतो. ज्या वाद्याचे मोल कमी भरेल, तेही एखाद्या गायनशाळेतील विद्यार्थ्याच्या हाती गेले, तर पुन्हा बोलू शकते. आणि ज्याच्या पट्टीवर 'दक्षिण सातारा' ही अक्षरे अजून वाचता येतात, त्याच्या धुळीवर ओले फडके फिरविण्यापूर्वी घरच्यांनी ती एकदा नीट वाचावीत, एवढीच विनंती.