दमा, धोतरा आणि पंप

धाप लागलेला माणूस आडवा का होत नाही? चरकसंहितेत 'तमक श्वास' म्हणून जे वर्णन आहे, त्यात हे आलंय. रोग्याला झोपवत नाही, बसलं की बरं वाटतं, गरम हवंसं वाटतं आणि आभाळ आलं की त्रास वाढतो. आमचे आजोबा पावसाळ्यात मांडीवर उशा घेऊन, त्यावर हात टेकून रात्र काढायचे. त्यांनी चरक वाचला नव्हता! हात टेकले की मानेचे आणि खांद्याचे स्नायू श्वासाच्या मदतीला येतात, हे शरीरानेच त्यांना शिकवलं.

गंमत म्हणजे पुढचा एक उपाय साहेबाने आपल्याकडूनच नेला. १८०२ साली जनरल जेंट मद्रासहून धोतरा ओढायची रीत इंग्लंडला घेऊन गेले. मग शंभरावर वर्षं तिकडे चक्क दम्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या. धोतऱ्यातलं ॲट्रोपीन श्वासनळ्या सैल करतं, पण ते विषारीही आहे. सॉल्टर नावाचा डॉक्टर, स्वतःच दमेकरी, त्याने १८६० च्या पुस्तकात कडक कॉफी सुचवली. तेही उगाच नाही. कॅफीन आणि दम्यावरचं थिओफिलीन ही भावंडंच.

आणि मग पंप. अमेरिकेतल्या रायकर कंपनीच्या प्रमुखाच्या मुलीला दमा होता. केसांच्या फवाऱ्यासारखं आपलं औषध डबीत का मिळत नाही, असं तिने १९५५ साली वडिलांना विचारलं. १९५६ मध्ये पंप बाजारात!

पण १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये दम्याचे मृत्यू वाढले. संशय तिथल्या जास्त ताकदीच्या आयसोप्रिनलिन पंपांवर गेला. १९६९ ला सालब्युटामॉल आलं, ते हृदयाला कमी त्रासाचं. तरी धडा उरलाच. पंपाने तात्पुरता मोकळा श्वास मिळतो, नळ्यांची आतली सूज तशीच राहते. म्हणून २०१९ पासून 'जीना' ही जागतिक संस्था सांगते, दम्यात नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर राहू नका.

हे लिहायचं कारण, आपल्या घरात निळा पंप पर्समध्ये असतो आणि रोजचा कपाटात. का, तर म्हणे 'सवय लागते'. मंडळी, रोजचा पंप सूज उतरवतो, व्यसन लावत नाही. निळा वरचेवर लागायला लागला, की डॉक्टरांना दाखवा. आणि एक वाक्य पुरं बोलताना दम तुटू लागला, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

असो. काकू, हे तुम्ही वाचताय ना?