पाव बंद, वाइन चालू

लंडनच्या विल्यम बँटिंगची पेढी राजघराण्याचे अंत्यविधी सांभाळायची. तो स्वतः मात्र साठीनंतर इतका सुटला होता, की बुटाची नाडी बांधता येईना आणि जिना उतरायचा तोही पाठमोरा. उंची पाच फूट पाच इंच, वजन २०२ पौंड. होडी वल्हवून पाहिली, तर भूकच वाढली!

अखेर ऐकू कमी येतं म्हणून १८६२मध्ये तो कानाच्या डॉक्टरकडे, विल्यम हार्वेकडे गेला. हार्वेने पॅरिसमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नारची यकृत आणि साखरेवरची व्याख्यानं ऐकली होती. त्याने पाव, लोणी, दूध, साखर, बिअर, बटाटे तोडले. मांस, मासे, भाज्या ठेवल्या. वाइनलाही मुभा होती. पथ्य टिकलं, त्यात तिचाही हात असावा. वर्षभरात ४६ पौंड उतरले.

१८६३मध्ये बँटिंगने या पथ्यावर स्वखर्चाने पुस्तिका काढली. डॉक्टरांनी नाकं मुरडली, पण वाचकांच्या पत्रांचा ओघ लागला.

वजन उतरवण्यासाठी समोरासमोर बसून एकमेकींना धीर देणारे गट मात्र पुढच्या शतकातले. १९४८मध्ये मिलवॉकीत एस्थर मॅन्झने मैत्रिणी जमवल्या, १९६१मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये जीन नायडेचने. आणि नायडेचच्या आहारात पावाला जागा होती.