भुकेचा हिवाळा: ‘फरक नाही’ नंतर काय?

‘फरक आढळला नाही’ असं उत्तर आलं की लगेच हिरमुसू नका. नेदरलँड्सचा १९४४-४५चा ‘भुकेचा हिवाळा’ आठवा. जर्मनांनी पश्चिम भागाची रसद तोडली, माणशी रोजचं रेशन १,००० कॅलरींच्याही खाली गेलं. मे १९४५मध्ये सुटका झाली. दुष्काळाची सुरुवात आणि शेवट ठाऊक असल्यामुळे कोणतं मूल गर्भात कधी उपाशी राहिलं, हे जन्मतारखेवरून काढता येतं.

झेना स्टाइन, मर्विन ससर आणि सहकाऱ्यांनी लष्करभरतीच्या चाचण्या दिलेल्या सुमारे सव्वा लाख तरुणांच्या नोंदी तपासल्या. १९७२चा निष्कर्ष: बुद्धिमत्तेत फरक नाही. विषय संपला? नाही. त्यांचाच मुलगा एझ्रा ससर आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात मानसिक आजारांच्या नोंदी पाहिल्या. दुष्काळ ऐन भरात असताना गर्भधारणा झालेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं.

पण जपून. मुळात हा आजार शंभरात साधारण एकाला होतो. दुप्पट झाला तरी बहुतेकजण निरोगीच राहिले. आईला दोष देण्याइतकं हे उत्तर सोपं नाही. म्हणून प्रबंधात नुसता ‘परिणाम’ लिहू नका. कशावर आणि गर्भाच्या कोणत्या टप्प्यात, तेही लिहा.