हशा काढून घेतल्यावर

विनोदी मालिकांमधला तो मागून येणारा हशा एका पेटीतून निघाला. चार्ली डग्लस या अमेरिकन ध्वनितंत्रज्ञाने १९५०च्या दशकात ती बनवली. टेपवर साठवलेलं हसू कळ दाबली की बाहेर. कुठे हसायचं, ते पेटी ठरवू लागली.

तो हशा काढून घेतल्याचं एक अलीकडचं उदाहरण आहे. 'द फ्रेश प्रिन्स ऑफ बेल-एअर' (१९९०-९६) मध्ये फिलाडेल्फियाचा पोरगा श्रीमंत मावशीकडे राहायला येतो. त्याला आपलं घर का सोडावं लागलं, हे तिथे शीर्षकगीतात उडून गेलं. २०१९ मध्ये मॉर्गन कूपर या दिग्दर्शकाने नेमकं तेच धरून एक गंभीर झलक बनवली. पोरगा तोच, घर तेच, हशा मात्र नाही. मूळ मालिकेचा नायक विल स्मिथ याने ती पाहिली आणि २०२२ मध्ये 'बेल-एअर' ही पूर्ण मालिका आली.

मराठी टीव्हीने पेटीचं काम वऱ्हाडी बोलीवर सोपवलं. 'काऊन बे' (का रे) कानावर पडलं की हसायचं, हे ठरलेलंच. अकोला-अमरावतीकडे मात्र माणसं मयतीतही याच बोलीत रडतात. कापूस विकून बाप घरी येतो, टोपी खुंटीला लावतो, भिंतीला टेकून बसतो. माय ताट पुढे सरकवते, "काऊन जी, जेवत नाही काय?" तो म्हणतो, "भाव नाही भेटला." हेच दोन संवाद स्टुडिओत म्हटले तर टाळ्या पडतील. आमच्या घरात त्यानंतर कोणी बोलत नसे.

बोलीची ही ताकद कादंबरीकार उद्धव शेळक्यांनी टीव्हीच्या आधीच ओळखली होती. १९६०च्या 'धग'मधली कौतिक वऱ्हाडीतच भांडते, राबते, खचते. वाचणाऱ्याला हसू सुचत नाही. सतीश मनवरांच्या 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) मध्ये नवरा जिवाचं बरंवाईट करेल या धास्तीने बायको पोराला सतत त्याच्या मागे धाडते. तिथे हसू येतं आणि घशातच अडकतं. मला हा सिनेमा 'बेल-एअर'पेक्षा अवघड वाटतो, कारण त्याने हशा काढला नाही, त्याच्या पोटातलं दुःख दाखवलं.

मालिका लिहिणाऱ्यांनो, वऱ्हाडी माणसाला एकदा नोकर-शेजारी न करता घरचा कर्ता करा. आणि त्याची बोली पुण्याच्या मराठीत सुधारून घेऊ नका.