खर्जाचा इतिहास : जॉन एंटविसल

साहित्याचे अभ्यासक रॉक संगीताकडे वळले की प्रथम गीताचे शब्द समोर ठेवतात. शब्द कागदावर उतरवता येतात, त्यांचा अर्थ लावता येतो, वर्गात त्यांवर बोलता येते. मात्र या सवयीचा एक परिणाम असा होतो, की ज्याचे म्हणणे शब्दांतून आलेलेच नाही तो कलावंत आपल्या इतिहासात तळटिपेपुरता उरतो. 'द हू' या इंग्लिश बँडचा बासवादक जॉन एंटविसल (१९४४-२००२) याच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. या बँडवर लिहिताना आपण गीतकार पीट टाउनशेंडविषयी लिहितो, गायक रॉजर डॉल्ट्रीविषयी लिहितो, ड्रमवादक कीथ मूनच्या उच्छादाचे किस्से सांगतो. आणि चौथा माणूस 'शांत स्वभावाचा' होता एवढे नोंदवून पुढे जातो.

एंटविसलचे बालपण पश्चिम लंडनमध्ये गेले. वडील ट्रम्पेट वाजवीत, आई पियानो. आईवडील लवकरच विभक्त झाले आणि तो आईबरोबर आजोळी वाढला. सातव्या वर्षी पियानोची शिकवणी सुरू झाली, ती त्याला फारशी रुचली नाही. पुढे तो ट्रम्पेटकडे आणि मग फ्रेंच हॉर्नकडे वळला व मिडलसेक्स परगण्याच्या शालेय सिंफनी वाद्यवृंदात वाजवू लागला. बँडमधील चौघांपैकी संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेला असा तो एकटाच. ॲक्टनच्या शाळेत त्याची टाउनशेंडशी मैत्री झाली. विजेवरच्या गिटारींच्या गजरात ट्रम्पेट ऐकू जाईना, म्हणून तो बासकडे आला. विकतची बास गिटार परवडण्यासारखी नव्हती. त्याने ती स्वतःच घडवली. हे घरगुती वाद्य घेऊन तो रस्त्याने चालला असता डॉल्ट्रीने त्याला हेरले व आपल्या बँडमध्ये घेतले. टाउनशेंड तेथे आला तो एंटविसलमुळे. या काळात एंटविसल प्राप्तिकर खात्यात कारकून होता. दिवसा करदात्यांच्या फायली आणि रात्री बास असा त्याचा क्रम होता.

त्या वेळी बासकडून अपेक्षा काय होती, हे लक्षात घेतल्याशिवाय त्याच्या कामगिरीचे मोल कळणार नाही. लिओ फेंडरने अमेरिकेत १९५१ साली विजेवरची बास गिटार बाजारात आणली. तिच्या चार तारा साध्या गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा एक सप्तक खाली लागतात. स्वरसंघाचा मूळ स्वर धरून ठेवायचा आणि तालाला पाया द्यायचा, हे तिचे काम. कीर्तनातल्या झीलकऱ्याचे असते तसे. बुवा पुढे गेले तरी त्याने सूर सोडायचा नाही. बास आहे हे ऐकू यावे, पण ती वेगळी जाणवू नये, असाच संकेत होता.

१९६५ च्या 'माय जनरेशन' या गीताने हा संकेत मोडला. त्यातील गायकाचे अडखळणे प्रसिद्ध आहे. युद्धोत्तर तरुणाला आपला राग धड शब्दांत मांडता येत नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो आणि तो योग्यही आहे. परंतु गीताच्या मध्यावर गायक थांबतो, गिटार वाट करून देते आणि बास एकटी बोलू लागते, तीही वेगाने, स्पष्ट आणि कोठेही न अडखळता. ध्वनिमुद्रित रॉक संगीतातील अगदी आरंभीच्या स्वतंत्र बासवादनांत त्याची गणना होते. केवळ शब्द वाचणाऱ्याला या गीतात तोतरेपणाच दिसेल. त्याला मिळालेले उत्तर त्याच्या हाती लागणारच नाही.

हा आवाज मिळवणे ही कारागिरीचीही गोष्ट होती. तोवर बासच्या तारांच्या गाभ्याभोवती चपटी पट्टी गुंडाळलेली असे. तिचा ध्वनी मऊ, घुमणारा आणि लवकर विझणारा. एंटविसलला पियानोच्या खालच्या सप्तकाचा खणखणीत, रेंगाळणारा नाद हवा होता. १९६६ साली त्याने रोटोसाउंड या कंपनीच्या जेम्स हाऊ यांच्याबरोबर काम करून गोल तार गुंडाळलेल्या बासच्या तारा मनासारख्या करून घेतल्या. अशा तारा आज जगभरचे रॉक बासवादक वापरतात. नावडत्या पियानोचा स्वर असा दुसऱ्याच वाटेने त्याच्याकडे परत आला.

बँडची रचनाही त्याच्या शैलीला पोषक ठरली. टाउनशेंड लांबलचक स्वरमालिकांपेक्षा स्वरसंघांचे आघात अधिक करी. मून ठेका धरण्याऐवजी गाण्याभर ड्रमवर बरसत राही. दोघांमध्ये जी पोकळी उरे तीत एंटविसल वाजवी. त्याला एकाच वेळी पाया राखायचा होता आणि प्रमुख वाद्याची जागाही भरायची होती. १९७३ च्या 'क्वाड्रोफेनिया'तील 'द रिअल मी' या गीतात नायक डॉक्टरला, आईला आणि धर्मोपदेशकाला आपल्या खऱ्या ओळखीविषयी विचारत फिरतो. उत्तर कोणाकडेच नाही, आणि त्या प्रश्नाखाली बास क्षणभरही स्थिरावत नाही. नायकाच्या पायाखालची जमीन सरकते आहे हे आपल्याला शब्दांआधी बासकडून कळते. याच संग्रहातील पितळी वाद्यांचे सारे थर एकट्या एंटविसलने वाजवून एकावर एक चढवले आहेत.

तो शब्दांचा माणूस नव्हताच असे मात्र म्हणता येणार नाही. 'बोरिस द स्पायडर' (१९६६) हे त्याचे कोळ्यावरचे काळे विनोदी गीत लोकप्रिय झाले. त्याहून अर्थपूर्ण घटना 'टॉमी' (१९६९) या रॉक संगीतिकेची आहे. तिच्यातील बालकाचा छळ करणारा चुलतभाऊ आणि त्याचे लैंगिक शोषण करणारा काका यांची गीते टाउनशेंडला लिहवेनात. स्वतःच्या बालपणातील जखमा आड आल्या. त्याने ती एंटविसलकडे सोपवली. 'कझिन केव्हिन' आणि 'फिडल अबाउट' ही दोन्ही गीते छळणाऱ्याच्या तोंडी आहेत आणि त्यांत हळहळीचा लवलेश नाही. विनोदाच्या अंगाने आलेले ते क्रौर्य अधिकच अंगावर येते. कथेचा असह्य भाग पेलण्याचे काम बँडमधल्या अबोल माणसाकडे यावे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

उत्तरायुष्य तितके भाग्याचे नव्हते. १९७८ साली मून गेला. बँड फुटला, पुन्हा जुळला. प्रचंड आवाजात वाजवण्यात आयुष्य घालवलेल्या या माणसाची श्रवणशक्ती क्षीण होत गेली. ग्लॉस्टरशरमधील मोठा वाडा, वाद्यांचा संग्रह आणि खर्चिक राहणी यांचा मेळ बसेना. २७ जून २००२ रोजी, अमेरिकेतील दौरा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, लास व्हेगासच्या एका हॉटेलात तो मृतावस्थेत आढळला. हृदयविकाराच्या झटक्याला कोकेन कारणीभूत ठरले होते. वय ५७. अवघ्या चार दिवसांनी, १ जुलैला, पिनो पॅलाडिनो या बासवादकाला घेऊन बँड लॉस एंजेलिसमध्ये मंचावर उभा राहिला. २००३ साली लंडनच्या सदबीज या लिलावगृहात एंटविसलची वाद्ये विकली गेली. मालमत्तेवरील कर भागवणे हे त्यामागचे एक कारण होते. प्राप्तिकर खात्याच्या टेबलावरून उठून गेलेल्या कारकुनाची वाद्ये अखेर करापोटी हातची गेली.

वाद्ये विखुरली, ध्वनिमुद्रणे उरली आहेत. इतिहासलेखनात साधन म्हणून त्यांना गीतांच्या छापील संहितेइतकेच स्थान मिळाले पाहिजे. विद्यार्थ्यांपुढे 'माय जनरेशन' ठेवायचे झाले तर संहिता वाटण्याआधी ते गीत एकदा नुसते ऐकवावे, आणि गायक थांबल्यावर कोण बोलते, एवढेच विचारावे.