दोन धातूंची पट्टी



विजेची इस्त्री पुरेशी तापली म्हणजे आंतून ‘टक्’ असा आवाज होतो आणि तांबडा दिवा मालवतो. प्रवाह वेळीं तोडणारा हा पहारेकरी नसता, तर विसरलेल्या इस्त्रीनें घरास आग लागावयास कितीसा वेळ? हा पहारेकरी म्हणजे एकमेकांस जखडलेल्या दोन धातूंची पट्टी. आणि तिचा जन्म झाला तो समुद्रावरील संकटापायीं.

१७०७ सालीं, आपण कोठें आहोंत ह्याचा अंदाज चुकून, इंग्रजांचीं चार जहाजें सिली बेटांच्या खडकांवर फुटलीं. रेखांश शोधण्याच्या उपायास १७१४ सालीं पार्लमेंटानें वीस हजार पौंडांपर्यंत बक्षीस लावलें. जॉन हॅरिसन नांवाच्या सुतारानें अचूक घड्याळ करावयाचें मनावर घेतलें. परंतु उष्णतेनें स्प्रिंगेचा ताठपणा कमी होई व घड्याळ मागें पडे. आपल्या तिसऱ्या सागरी घड्याळांत त्यानें पितळेची व पोलादाची पट्टी एकत्र रिव्हेटून बसविली. शंभर अंशांनीं तापविल्यास मीटरभर पितळ सुमारें १.९ मिलिमीटर वाढतें, पोलाद सुमारें १.२, म्हणून ही जोडी पोलादाच्या अंगास वांकते. ह्या वांकण्यानें स्प्रिंग आपोआप आंखूड होऊन घड्याळ सांवरे.

१८३० सालीं अँड्र्यू यूर ह्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानें अशाच पट्टीच्या उष्णतानियामकाचें पेटंट घेतलें व त्यास ‘थर्मोस्टॅट’ हें नांव दिलें.

पुढें १८९६ सालीं गियोम ह्या शास्त्रज्ञास, लोखंडांत ३६ टक्के निकल मिसळल्यास प्रसरण पोलादाच्या सुमारें दहाव्या हिश्श्यावर येतें, असें आढळलें. ह्या ‘इन्व्हार’सारख्या मिश्रधातूंच्या शोधांबद्दल त्यांस १९२० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. गंमत अशी कीं, जो धातू हलत नाहीं, तोच जोडींत घातल्यानें पट्टी अधिक वांकूं लागली!

मात्र निवड डोळसपणें करावी लागते. सुमारें दोनशें अंशांपलीकडे इन्व्हारही वाढूं लागतो. तेथें ४२ टक्क्यांच्या आसपास निकल असलेला मिश्रधातू बरा. पट्टीची लांबी दुप्पट केल्यास टोक चौपट सरकतें. जाडी दुप्पट केल्यास निम्मेंच, पण जोर वाढतो. शिवाय टोकें हळूहळू विलग झालीं तर ठिणगी रेंगाळून तीं जळतात. म्हणून पट्टीस झटक्यानें उलटणाऱ्या स्प्रिंगेची जोड देतात, अथवा बशीसारखी खोलगट चकती वापरतात.

आपण ऐकतों तो ‘टक्’ ह्या झटक्याचा. ज्या प्रसरणाशीं हॅरिसन वर्षानुवर्षें झगडला, तेंच आज आपल्या घरची राखण करीत आहे.